माकड नंबर ७६६ आणि ताईचा रिपोर्ट

२०२४ च्या जुलैमधली गोष्ट. पुण्यात झिकाचे रुग्ण सापडायला लागले होते आणि माझ्या ताईला पाचवा महिना होता. एरंडवणे, मुंढवा अशी नावं रोज बातम्यांत यायची. आरोग्यसेविका घरोघर फिरत होत्या. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा जुना टायर, सगळीकडे वाकून बघत होत्या. घरात कुणी गरोदर आहे का, हा प्रश्न ठरलेला. ताईला दोन दिवस कणकण होती, एवढंच. अंगावर पुरळ नाही, डोळे लाल नाहीत. तरी तिचं रक्त घेतलं गेलं.

रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आईने देव पाण्यात घातले, भावोजींनी तीन प्रकारच्या मच्छरदाण्या आणल्या आणि मी, ज्याला कोड लिहिण्यापलीकडे काही येत नाही, रात्री लॅपटॉप उघडून शोधनिबंध वाचत बसलो.

दुसऱ्या रात्री ताई पाणी प्यायला उठली. म्हणाली, "काय सापडलं?"

मी म्हणालो, "झिका आईकडून बाळाकडे जाऊ शकतो, पण दर वेळी जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की लागण झालेल्या शंभर गरोदर बायकांमागे पाच ते पंधरा बाळांमध्ये काहीतरी दोष दिसतो."

"कुठल्या पाच?"

"ते नाही सांगता येत."

"अरे, एवढं उंदरांवर, माकडांवर करून बघतात ना हे लोक? मग इतकंही कळू नये?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या धंद्यात नवीन कोड कुणी थेट ग्राहकाच्या माथी मारत नाही. आधी 'स्टेजिंग'वर चालवून बघतात, म्हणजे खऱ्या सिस्टीमच्या हुबेहूब नकलेवर. प्राणी म्हणजे वैद्यकशास्त्राचं स्टेजिंग असं मी धरून चाललो होतो. पुढचे कित्येक महिने मी वाचत राहिलो, आणि ती नक्कल किती हुबेहूब असते ते हळूहळू कळत गेलं.

सिडनीतल्या आया

गर्भातल्या बाळाला विषाणू गाठू शकतो आणि कायमचं अधू करू शकतो, हे कुठल्या प्रयोगशाळेत कळलं नाही. ते कळलं ऑस्ट्रेलियात, सिडनीतल्या नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरला. १९४१ साली त्याच्याकडे मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक यायला लागली. जन्मजात मोतीबिंदू म्हणजे आनुवंशिक दोष, असं तेव्हा पुस्तकात लिहिलेलं असायचं. पण इतक्या घराण्यांमध्ये एकाच वर्षी आनुवंशिक दोष कसा उपटेल? असं सांगतात की त्याच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या दोन आया आपापसात बोलत होत्या, आणि दोघींनाही गरोदरपणात जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, होऊन गेला होता. ते बोलणं ग्रेगच्या कानावर पडलं. १९४० मध्ये ऑस्ट्रेलियात रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती.

ग्रेगने इतर डॉक्टरांकडच्या केसेसही गोळा केल्या. एकूण ७८ बाळं. त्यातल्या ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झालेला होता, बहुतेकींना अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत. ऑक्टोबर १९४१ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत त्याने हे मांडलं. वर्तमानपत्रांत बातमी आल्यावर आणखी आया पुढे आल्या. त्या म्हणाल्या, आमच्या मुलांना ऐकू येत नाही आणि आम्हालाही तेव्हा तोच आजार झाला होता. म्हणजे बहिरेपणाचा धागाही आयांनीच हातात दिला.

सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला असं नाही. 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकाने १९४४ मध्ये म्हटलं की शक्यता आहे, पण सिद्ध झालेलं नाही. आक्षेप तसा चुकीचा नव्हता. मूल अधू जन्मल्यावर आईला मागचं आठवायला सांगितलं, तर ती काहीतरी आठवणारच. पुढे १९५१ मध्ये लँकॅस्टर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणनांमधल्या बहिऱ्या माणसांच्या जन्मवर्षांचा हिशोब मांडला. ठरावीक वर्षांत एकदम वाढ दिसली, आणि ती रुबेलाच्या साथींशी जुळत होती. एक वाढ तर थेट १८९९ च्या आसपासची. चाळीसेक वर्षं पुरावा सरकारी कागदांत पडून होता, कुणी त्याला प्रश्न विचारला नव्हता.

पण विषाणू आईकडून बाळाकडे नेमका कसा जातो, कधी जातो, थांबवता येईल का, हे माणसांवर तपासणार कसं? गरोदर बाईला मुद्दाम रोग कोण देणार? इथे प्राण्यांची गरज सुरू होते.

वार सगळ्यांची सारखी नसते

रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढता आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेत दोन गटांना एकाच सुमारास. त्यातल्या थॉमस वेलरने तर स्वतःच्या मुलाला रुबेला झाला तेव्हा त्याच्याच लघवीतून तो मिळवला. मग ससे, उंदीर, फेरेट, माकडं, सगळ्यांवर प्रयोग झाले. काहींना लागण झाली, काहींच्या गर्भापर्यंत विषाणू पोचलाही. पण मोतीबिंदू, हृदयाचा दोष आणि बहिरेपणा हे माणसाच्या बाळातलं त्रिकूट भरवशाने दाखवेल असा प्राणी सापडला नाही.

असं का व्हावं, हे समजायला वारेकडे बघावं लागतं. आई आणि बाळ यांच्यामधली सीमा म्हणजे वार. आणि ही सीमा दर प्राण्यात वेगळी बांधलेली असते. गाईच्या वारेत आईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यामध्ये इतके थर असतात की आईची प्रतिपिंडं पलीकडे जातच नाहीत. खेड्यातल्या माणसाला हे पुस्तक न वाचता माहीत असतं. वासराला जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही, तर ते तगणं अवघड. ज्याचा आपण आवडीने खरवस करतो, तो चीक म्हणजे वारेने अडवून ठेवलेलं संरक्षण, जन्मानंतर दुधातून दिलेलं.

माणसाच्या वारेत आईचं रक्त थेट वारेच्या झालरींना भिजवतं. तिथल्या पेशींचा एक थर ओलांडला की पलीकडे बाळाची बाजू सुरू होते. उंदराच्या वारेत असे तीन थर. त्यात उंदरीण जेमतेम तीन आठवडे गाभण असते आणि पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली. माणसाच्या मेंदूची जी घडण गर्भात होते, त्यातली बरीचशी उंदराच्या पिल्लात जन्मानंतर होते. म्हणजे उंदराला 'दुसऱ्या तिमाहीत मेंदूचं काय होतं' असं विचारलं, तर तो काळ त्याच्या गर्भारपणात नीटसा येतच नाही.

गिनीपिगचं मात्र जुळतं. वारेत माणसासारखाच एक थर, गर्भारपण दोन महिन्यांहून जास्त, आणि पिल्लू पहिल्याच दिवशी डोळे उघडून पळायला लागतं. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आहे, जगात बाळांना गर्भातच होणाऱ्या संसर्गांत सगळ्यात जास्त आढळणारा आणि बहिरेपणाचं एक मोठं कारण. दर प्राण्याचा आपला वेगळा सायटोमेगॅलो असतो. उंदराचा त्याच्या वारेपाशी अडतो. गिनीपिगचा वार ओलांडतो, हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस नीट दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून या विषाणूवरच्या लसींची चाचपणी त्याच्यावर होत आली आहे. मंजूर झालेली लस अजून नाही.

झोकांड्या खाणारी पिल्लं

पण जुळणारा प्राणीच उपयोगाचा, असंही नाही. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट मांजरांची आहे.

काही मांजरांची पिल्लं चालायला लागली की झोकांड्या खातात. मान थरथरते, पाय भलतीकडे पडतो. तोल सांभाळणारा लहान मेंदू पुरेसा वाढलेला नसतो. पिढ्यान्‌पिढ्या हा आनुवंशिक दोष मानला जात होता. १९६६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स किल्हॅम आणि जॉर्ज मार्गोलिस यांनी दाखवलं की हा विषाणूचा प्रताप आहे. मांजरांना होणाऱ्या एका साथीच्या रोगाचाच विषाणू, तो गाभण मांजरीकडून पिल्लांकडे जातो. हा विषाणू फक्त भराभर विभागणाऱ्या पेशींमध्ये वाढतो, आणि मांजराच्या लहान मेंदूतल्या पेशी जन्माच्या आसपासच्या दिवसांत तशा विभागत असतात. नेम तिथेच लागतो. आई ठणठणीत आणि पिल्लू जन्मभर अधू, हे शक्य आहे हे त्यांनी डोळ्यांसमोर मांडलं.

मांजराची वार आपल्यासारखी नाही, विषाणूही आपला नाही. तरी एक गोष्ट कायमची शिकायला मिळाली: कोणता विषाणू, याइतकंच कधी गाठला, हेही महत्त्वाचं. आणि ज्याला आपण 'घराण्यातच आहे' म्हणून सोडून देतो, ते कधीकधी घराण्यात नसतंच. आपल्याकडे अशा वेळी दोष कुणाच्या घराण्याला दिला जातो, ते वेगळं सांगायला नको.

उंदरानेही असाच एक धडा दिला होता. १९३० च्या दशकात एरिक ट्रॉब याने प्रिन्स्टनमधल्या एका उंदरांच्या वसाहतीत पाहिलं, की एका विषाणूची लागण मोठ्या उंदराला झाली तर तो आजारी पडतो, पण गर्भातच लागण झालेलं पिल्लू तो विषाणू जन्मभर अंगावर घेऊन बिनधास्त हिंडतं. गर्भात भेटला तो परका वाटतच नाही. शरीराला आपलं-परकं कसं कळतं, याबद्दल बर्नेट आणि फेनर यांनी १९४९ मध्ये जो विचार मांडला, त्यामागे ट्रॉबचे हे उंदीरही होते. बर्नेटला पुढे १९६० मध्ये मेडावारबरोबर नोबेल मिळालं.

सत्ताविसावी

रुबेला मात्र योग्य प्राण्यासाठी थांबला नाही. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वा कोटी लोकांना तो झाला आणि अंदाजे २०,००० बाळं त्याचे दोष घेऊन जन्मली. अनेक बायकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भपात करून घेतले. फिलाडेल्फियात स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी अशाच एका गर्भातून मिळालेल्या विषाणूला दुबळं करून लस बनवली. तिचं नाव आरए २७/३. 'आर' म्हणजे रुबेला, 'ए' म्हणजे गर्भपातातून मिळालेला. तपासलेल्या गर्भांपैकी सत्ताविसावा, आणि त्याच्यातला तिसरा तुकडा.

लस आली, पण नवा प्रश्न उभा राहिला. ही जिवंत विषाणूची लस, गरोदर बाईला चुकून दिली गेली तर? कुठला प्राणी याचं खात्रीचं उत्तर देणार? शेवटी अमेरिकेने १९७१ ते १९८९ या काळात चुकून लस घेतलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली. त्यांच्या एकाही बाळात रुबेलाचे जन्मदोष आढळले नाहीत. गरोदरपणात ही लस आजही देत नाहीत, पण चुकून दिली गेली तर घाबरून गर्भपात करायची गरज नाही, हे त्या बायकांमुळे कळलं. या गोष्टीची सुरुवात बायकांच्या बोलण्याने झाली होती, आणि शेवटचा पुरावाही बायकांच्याच नोंदींतून आला.

७६६

आता झिका. एप्रिल १९४७ मध्ये युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात, झाडावर बांधलेल्या पिंजऱ्यात, एका ऱ्हिसस माकडाला ताप आला. ते तिथलं नव्हतं. ऱ्हिसस म्हणजे आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड, आफ्रिकेत मुळात नसणारं. जंगलात पिवळा ताप फिरतोय का हे कळावं म्हणून त्याला पहाऱ्यावर बसवलं होतं. नंबर ७६६. त्याचं रक्त उंदरांच्या मेंदूत टोचलं आणि नवा विषाणू हाती लागला. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातच नोंद आहे, की उंदरांत हा विषाणू मेंदूकडे ओढ घेतो.

त्याच १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजची एनआयव्ही. तिथल्या सुरुवातीच्या पाहणीत भारतातल्या काही लोकांच्या रक्तात झिकाशी लढणारी प्रतिपिंडं दिसली. पण ती डेंग्यूसारख्या भाऊबंद विषाणूंमुळेही दिसू शकतात, आणि झिका म्हणजे तर किरकोळ ताप. विषय मागे पडला.

म्हणजे मेंदूकडे जाणारा विषाणू साठ वर्षं आपल्या माहितीत होता. उंदीर होते, माकडं होती. पण आई आणि बाळ हा प्रश्न पुढे आला तो २०१५ मध्ये, ईशान्य ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मायला लागली तेव्हा. रेसिफेमध्ये व्हेनेसा व्हॅन डर लिंडेन या बालमेंदूतज्ज्ञ डॉक्टरांना बाळांच्या डोक्यांचे स्कॅन विचित्र वाटले. काम्पिना ग्रांजीमध्ये आद्रियाना मेलो यांनी दोन गरोदर बायकांच्या गर्भजलाचे नमुने तपासायला पाठवले आणि त्यात झिका निघाला. पुन्हा तेच: आधी आया, मग त्यांचं ऐकणारे डॉक्टर, मग प्रयोगशाळा.

प्रयोगशाळेने मात्र या वेळी वेळ दवडला नाही. अडचण अशी की साध्या उंदराला झिका नीट होतच नाही. आपल्या शरीरातली धोक्याची घंटा वाजवणारं एक प्रथिन झिका तोडून टाकतो, उंदराचं तेच प्रथिन त्याला तोडता येत नाही. म्हणून ती घंटाच काढून टाकलेले उंदीर वापरले गेले. सेंट लुईसमधल्या मायकेल डायमंड यांच्या गटाने २०१६ मध्ये अशा उंदरांत विषाणू वारेत शिरताना आणि गर्भ मरताना दाखवला. २०१८ मध्ये येल विद्यापीठात अकिको इवासाकी यांच्या गटाने तर आणखी चक्रावणारी गोष्ट दाखवली. एकाच उंदरिणीच्या पोटात घंटा असलेले आणि नसलेले असे दोन्ही गर्भ होते. मेले ते घंटा असलेले. विषाणू कमी असूनही गर्भाच्या बचावानेच वारेची नासाडी केली होती.

माकडांचं काम विस्कॉन्सिनमध्ये डेव्हिड ओकॉनर आणि सहकाऱ्यांनी केलं. गर्भारपण साडेपाच महिन्यांचं, वार आपल्यासारखी. त्यांनी निबंध छापून यायची वाट न बघता रोजचे आकडे इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले. आम्हा ओपन सोर्सवाल्यांना हे आपलंच वाटेल. ही माकडं भारतीय वंशाची होती. भारताने माकडांची निर्यात १९७८ मध्येच थांबवली, म्हणजे इथून गेलेल्यांच्या त्या पुढच्या पिढ्या. एरवीच्या माकडाच्या रक्तातून झिका काही दिवसांत जातो, गाभण माकडिणीत तो ५० दिवसांहून जास्त टिकलेला दिसला. पुढे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या केंद्रांनी आपापले आकडे एकत्र केले, तेव्हा लागण झालेल्या ५० गर्भारपणांपैकी २६ टक्क्यांत पिल्लू पोटातच दगावलं होतं. वरून आया बहुतेक धडधाकट.

हा आकडा वाचून मी लॅपटॉप मिटला होता. त्या माद्यांना कुणी विचारलं नव्हतं, हेही तेव्हा डोक्यात होतं, आणि ते मला आजही सुटसुटीतपणे मांडता येत नाही. पण त्यांनी दाखवलेली गोष्ट बायकांसाठी मोलाची होती. आपण जन्मलेली बाळं मोजत होतो. ज्यांना लागण झाल्याचं कळलंच नाही आणि ज्यांचं मूल आधीच गेलं, त्या बायका कुठल्याच यादीत नव्हत्या.

रिपोर्ट

ताईच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं. प्राणी ही आपली नक्कल नसते. विषाणू वाट कुठून काढतो हे एक प्राणी सांगतो, कोणत्या दिवसांत धोका जास्त हे दुसरा. शंभरातली पाच बाळं कोणती, हे कुठलाच सांगत नाही, कारण ते त्या एका आईवर, त्या एका बाळावर आणि त्या दिवसावर अवलंबून असतं. आणि विचारायचं काय, हे तर प्राण्यांना माहीतच नसतं. ते आजवर दर वेळी कुणा आईने सांगितलं आहे.

चौथ्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला. आईने देव पाण्यातून काढले. नोव्हेंबरमध्ये भाची झाली.

नऊ महिन्यांची झाल्यावर तिला गोवर-रुबेलाची लस द्यायची होती. मी सोबत गेलो आणि नर्सताईंना विनंती करून बाटली बघायला मागितली. त्यांनी जरा विचित्र नजरेने बघितलं, पण दाखवली. पुण्यातच तयार झालेली लस. त्यातला रुबेला तोच, आरए २७/३.

सुई टोचताच भाचीने भोकाड पसरलं. ताई तिला खांद्यावर थोपटत म्हणाली, "काय एवढं बघत होतास त्या बाटलीत?"

मी म्हणालो, "घरी चल, सांगतो. एका बाईची गोष्ट आहे. सत्ताविसावी."